भोंग्याच्या आडोशाला

मी हल्ली राहते तिथे मिलचा भोंगा नाही. मन मोकळं करायला कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या आहेत. पण एका शिट्टीत फार तर एक नातेवाईक बसतो, आणि तोही लांबचा. जवळच्या माणसाला भोंगाच लागतो. हे मत माझं नाही, सोलापुरात मी ज्यांच्या घरी भाड्याने राहायचे त्या बाईंचं आहे. या विषयाचा त्यांच्याइतका सराव असलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. घरात कानडी, दारात मराठी. कपाळाला विभूती, डोक्यावरून पदर, आणि आवाज असा की भाजीवाला आपणहून कोथिंबिरीची जादा काडी टाकायचा. गल्लीतल्या सासवा आपल्या सुनांना अक्कांचं उदाहरण द्यायच्या, त्यामुळे सुनांमध्ये त्या फारशा लोकप्रिय नव्हत्या. "उभ्या जन्मात ह्या बाईचा आवाज वर गेला न्हाय," असं त्यांच्याबद्दल सांगितलं जाई. ते अक्षरशः खरं होतं. भोंग्याच्या वर तो कधीच गेला नाही.

मी तिथे पोचले ते नोकरीमुळे. वडील कुर्डुवाडीला रेल्वेत. मुलीने पुढे जावं म्हणून त्यांनी मला लांबच्या इंग्रजी शाळेत, वसतिगृहात ठेवलं होतं. तिथे मला कुठेही तोंड न उघडता कसं बसावं हे फार चांगलं शिकवलं. या शिक्षणाच्या जोरावर मला चादरींच्या एका पेढीवर इंग्रजी पत्रं टाइप करायचं काम मिळालं. शेठ तोंडी मजकूर सांगायचे. "त्याला लिहा, तुझ्या बापानं कधी असला माल बघितला होता का?" मी टाइप करायची की आमच्या मालाच्या दर्जाबद्दल आपण निश्चिंत असावे. थोडक्यात, लोकांचा संताप गिळून त्याची सभ्य पत्रं करण्याचा मला पगार होता. घरी गेल्यावर स्वतःचा संताप मात्र फुकट गिळावा लागे.

गच्चीवरची खोली माझी. खाली अक्का आणि त्यांचे थोरले दीर. अक्कांचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घर दिरांच्या नावावर होतं. दीर मिलच्या साळखात्यात जॉबर होते. म्हणजे मागांवरच्या विणकरांचे मुकादम. तिथून निवृत्त होऊन ते अंगणातल्या खुर्चीत बसले ते बसलेच. अक्का त्यांना भावजी म्हणायच्या, पण त्यांच्यापाशी नव्हे, माझ्यापाशी. कारण थोरल्या दिराने भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही अशी त्या घराची रीत होती. घरात माणसं दोन आणि बोलायला तिसरं कुणी नाही, म्हणून भावजी अंगणातल्या खांबाशी बोलायचे.

"आज आमटीत मीठ दोनदा पडलं वाटतं," ते खांबाला सांगत.

"म्हणावं, उद्या एकदाच पडंल," अक्का आतून चुलीला सांगत.

मी राहायला गेले आणि खांबाची सुटका झाली. पहिल्याच दिवशी भावजी म्हणाले, "बाई, आत सांगा, च्या पायजे." आत म्हणजे चार पावलांवर, अक्का दारातच उभ्या होत्या. मी एकीकडून दुसरीकडे मान वळवून म्हटलं, "अक्का, चहा." अक्का म्हणाल्या, "म्हणावं, ठेवलाय." मी पुन्हा मान वळवली. ज्या मुलीला अनोळखी माणसासमोर स्वतःचं नाव सांगताना घाम फुटायचा, तिला असं रोज सकाळ-संध्याकाळ दोन माणसांच्या मध्ये उभं राहून बोलावं लागे.

भोंग्याचा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, अक्कांना झटका आला.

सकाळची वेळ. सोलापुरात तेव्हा घड्याळं शोभेला असत, शहर चालायचं ते भोंग्यावर. आमचं घर मिलच्या इतकं जवळ होतं की भोंगा झाला की भांडी थरथरायची आणि बोलणारी माणसं वाक्य अर्ध्यावर ठेवून थांबायची. मी खिडकीशी वेणी घालत होते. अक्का सूप घेऊन गच्चीवर आल्या, शेंगा पसरल्या, कठड्याशी जाऊन पदर खोचला आणि उभ्या राहिल्या. भोंगा सुरू झाला. अक्कांनी तोंड उघडलं.

मानेच्या शिरा ताठल्या, हात वर गेले, बोटं मोडली गेली, एकदा तर त्यांनी कठड्यावर थाप मारली. आवाज मात्र शून्य. भोंगा ओसरू लागला तसं त्यांचं तोंड लहान होत गेलं आणि त्याच्याबरोबर मिटलं. मग पदर सोडून, तो डोक्यावर घेऊन, त्या साखरेसारख्या आवाजात म्हणाल्या, "तंगी, च्या घेणार काय गं?" कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी हो म्हटलं. नाही म्हणायची छाती नव्हती.

पुढे रोजच पाहू लागले. अक्का शिव्या द्यायच्या. काही शब्द ओठांवरून मला ओळखू येत. मुडदा, बोका, भोपळा अशी ओठ मिटून उघडणारी मंडळी. बाकीचे शब्द मी घरातल्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात शोधले. एकही सापडला नाही. कोश करणारे सज्जन असावेत.

महिनाभराने त्यांनी मला खिडकीत पकडलं. मी पडद्यामागे गेले. पडदा अर्धाच होता.

"बघतीस न्हवं? मग भायेर येऊन बघ की. फुकट हाय."

मी बाहेर आले. कठड्याशी जाऊन विचारलं, "रोज?"

"रोज. मिलला सुट्टी आसंल तवा न्हाय. त्या दिवशी मग डोकं धरतंय, पोळ्या करपत्यात." त्या शेंगा निवडत खाली बसल्या. "हे बघ, माझ्या नावावर हितं काय हाय? हे सूपबी त्यांचंच. ह्या घरात माझा आवाज वर गेला की माझा पाय भायेर. पण पोटात ठेवलं की आंबतंय. आंबलं की मग बाई देवाधर्माला लागती, न्हायतर दुसऱ्याच्या सुनेला लागती. मला दोन्ही नको. मी आपली भोंग्याला लागते."

माणसं आपापलं आंबलेलं कसं निपटतात याची त्यांनी बारीक पाहणी केली होती. भावजी राग आला की अडकित्ता घेऊन सुपारी कातरत. थोडा राग असला तर खांडं, जास्त असला तर पीठ. शेजारच्या मागवाल्या तेलुगू कुटुंबातली वदिना, म्हणजे वहिनी, घासलेली भांडी पुन्हा घासायची. "तिच्या पातेल्यातनं आता पल्याडचं दिसतंय," अक्का म्हणायच्या. कोपऱ्यावरचे एक मास्तर बायकोशी भांडण झालं की स्टेशनवर जाऊन सुटणाऱ्या गाडीकडे बघत उभे राहत आणि गाडी सुटल्यावर घरी येत. "त्यो बसत न्हाय, गाडीच जाती बिचारी."

"आन् तू गं? तुझं काय?"

मी सांगितलं, काही नाही.

"नखं बघू." माझी नखं मुळापर्यंत कुरतडलेली होती. अक्कांनी ती उलटसुलट करून पाहिली. "बोटं संपल्यावर काय खाणार?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कठड्याशी उभं केलं. भोंगा झाला, मी तोंड उघडलं आणि त्यातून काहीच आलं नाही. वसतिगृहाने काम पक्कं केलं होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी "शेठ" एवढा एक शब्द आला. आठवड्याने शेठबद्दल पूर्ण वाक्य आलं. ते इंग्रजीत होतं. मला राग इंग्रजीतच येई. मराठीत मी नेहमी कुणाचा तरी मान ठेवत आले होते. मग रोज सकाळी आम्ही दोघी कठड्याशी उभ्या राहू लागलो, त्या आपल्या भाषेत, मी माझ्या. अक्का मला हात हलवायला शिकवत. "नुसतं तोंड नको. हातबी भांडला पायजे."

शेठ तसेच राहिले, पण माझी नखं वाढली.

एक गोष्ट मला तेव्हा विचित्र वाटायची. अक्कांच्या भोंग्याला फळ येई. पन्हळ गळतेय म्हणून त्या दोन दिवस कठड्यावर थापा मारत, तिसऱ्या दिवशी भावजी कुणाशी न बोलता गवंडी घेऊन येत. श्रावणात त्यांना माहेरी करकंबला जायचं होतं, ते त्यांनी खाली कुणालाही सांगितलं नव्हतं. तर भावजी मला म्हणाले, "आत सांगा, चार दिवस करकंबला जाऊन यायचं तर या म्हणावं." मी अक्कांना विचारलं, हे कसं?

"सिद्धरामाची कृपा," त्या म्हणाल्या आणि भाकरी थापू लागल्या.

मी विश्वास ठेवला. इंग्रजी शाळेत देवाबद्दल फार शंका काढू देत नसत.

वदिनाने माझे डोळे उघडले. रविवारी मी तिच्या दारावरून जात होते. ती उंबऱ्यात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. आत माग खडखडत होते. मला बघून ती हसली आणि हाताने बोलावलं.

"बाई, तुमी गच्चीवर काय बोलता हो?"

"मी? कुठे काय?"

"अक्काचं समदं कळतंय. तुमचं काय बी कळत न्हाय. इंग्रजी हाय काय ते?"

मी म्हटलं, "कळतं म्हणजे?"

तिने मागे वळून आत पाहिलं. खडखडाटात मागावर उभा असलेला तिचा नवरा आवाज न काढता नुसते ओठ हलवत होता. तिनेही ओठ हलवले. त्याने मान डोलावली आणि कोपऱ्यातली कांड्यांची टोपली पायाने तिच्याकडे सरकवली.

"मागावर आवाज ऐकू येतो काय? ओठावरच बोलायचं. आमच्यात लेकरं बी तसंच शिकत्यात. समदी गल्लीच मागवाली, मिलवाली." मग ती कौतुकाने म्हणाली, "अक्का लई साफ बोलतीया. एक शिवी चुकत न्हाय. तुमी बी मराठीत बोला की. आमी सकाळी उठून बसतो, निम्मा खेळ वाया जातो."

मला त्या क्षणी इंग्रजी शाळेचे फार उपकार वाटले. दुसऱ्या क्षणी भावजी आठवले. साळखात्यातले. त्यांच्यासमोर तिथे शेकडो ओठ हलत असतील, आणि मुकादमाला कळू नये म्हणून जे बोललं जाई तेच वाचणं त्यांचं काम असणार. अंगणातली त्यांची खुर्ची गच्चीकडे तोंड करून होती. सकाळचा चहा ते तिथेच घेत. अक्का त्यांना थेरडा, बोका आणि शब्दकोशात नसलेलं बरंच काही म्हणत होत्या ते त्यांच्या तोंडावर, गेली किती वर्षं कोण जाणे.

आवाज वर गेला की पाय बाहेर. मला अक्कांना सांगायला हवं होतं. मी रोज ठरवायची आणि रोज "अक्का" म्हणून पुढे "चहा छान झालाय" म्हणायची. ज्या बाईचा सगळा जीव त्या एका मिनिटावर तगून आहे तिला, ते मिनिट उघडं आहे, असं कुठल्या तोंडाने सांगणार? तेवढ्यात भावजींचा अक्कलकोटचा पुतण्या, तिसऱ्या भावाचा मुलगा, आला, दोन दिवस राहिला, भावजींच्या कानाशी बराच बोलला आणि गेला. त्या संध्याकाळी भावजींनी मला हाक मारली.

"बाई, आत सांगा. अक्कलकोटला पुतण्याकडं माणूस कमी पडतंय. सून बाळंत व्हायचीय, दोन म्हशी हायेत. सोमवारी तिकडं जायचं. कायमचंच."

अक्का दारात होत्या. मला मान वळवायची नव्हती. भावजी वाट बघत राहिले. शेवटी अक्काच म्हणाल्या, "म्हणावं, बरं."

तोच आवाज. साखर तेवढीच.

"माझं खानावळीत भागंल म्हणावं," भावजी खांबाला म्हणाले. बऱ्याच दिवसांनी खांबाला काम लागलं. अक्का आत गेल्या आणि माळ्यावरून ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

सकाळी मी त्यांच्या आधी कठड्याशी गेले. खाली भावजी खुर्चीत, हातात अडकित्ता. पलीकडे वदिनाच्या उंबऱ्यात नेहमीपेक्षा जास्त माणसं, माग बंद. बातमी गल्लीभर झाली होती. मला कळून चुकलं, आज अक्का जे बोलतील त्यानंतर सोमवारसुद्धा उजाडणार नाही, भावजी आजच ट्रंक दाराबाहेर ठेवतील. अक्कलकोटच्या म्हशीसुद्धा मिळणार नाहीत.

अक्का सूप घेऊन आल्या.

"अक्का, आज नको."

"का गं?"

"खाली भावजी बसलेत."

"रोजच बसत्यात."

"तसं नाही, ते..." मी म्हटलं आणि भोंगा झाला.

उरलेलं वाक्य मी ओरडून सांगितलं, पण भोंग्यात स्वतःचाच आवाज ऐकू येईना. अक्कांनी पदर खोचला. मला एकच उपाय सुचला. मी त्यांच्या आणि कठड्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले, हात पसरून. अक्का बोलत बोलतच डावीकडे सरकल्या, मी डावीकडे. त्या उजवीकडे, मी उजवीकडे. खालून आम्ही हुतूतू खेळत असल्यासारख्या दिसत असू. शेवटी अक्कांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि मला उचलून बाजूला, वाळत घातलेल्या शेंगांत बसवलं.

त्यांचं तोंड एकदाही थांबलं नव्हतं. मी इतकी जवळ होते की प्रथमच मला सगळं वाचता आलं. मी न्हाय जाणार. ह्या घराचा कोपरान् कोपरा माझ्या हातानं सारवलाय. तुमच्या आईचं शेवटचं सगळं मी काढलं, तवा पुतण्या कुटं मेला हुता. आन् थेरड्या, तुला खानावळीत कोण इचारंल, भाकरी कडक पायजे का मऊ? दात किती ऱ्हायलेत तुझे हे तिथल्या वाढप्याला म्हाइत हाय काय? मी गेले तर तू दिवाळीपतोर मरशील, बोक्या, आन् मरताना खांबाला सांगशील, पाणी दे.

त्यात एकही शिवी नवी नव्हती. पण त्यांचे डोळे रोज कोरडे असत, आज नव्हते.

भोंगा ओसरला. तोंड मिटलं. "तंगी, ऊठ गं, शेंगा चेंगरतील," अक्का गोडपणे म्हणाल्या.

मी कठड्यावरून खाली पाहिलं. भावजींचा अडकित्ता उघडाच होता, सुपारी तशीच पात्यात. तो तसाच हातात घेऊन ते उठून आत गेले. वदिनाच्या घरातले माग सुरू झाले.

त्या दिवशी पेढीवर माझं कशात लक्ष नव्हतं. एका पत्रात मी शेठ म्हणाले तसंच जवळपास टाइप केलं. व्यापाऱ्याने पुढच्या आठवड्यात दुप्पट माल मागवला, पण तो वेगळा विषय.

संध्याकाळी घरी परतले तेव्हा अंगणात ट्रंक होती. दोरीने बांधलेली. तिच्याशेजारी भावजी. अक्का दारात. माझीच वाट बघत असावेत, कारण मी फाटकातून आत आले तशी भावजींनी खाकरून सुरुवात केली.

"बाई, आत सांगा. पुतण्याला निरोप धाडलाय. पगारी बाई बघ म्हणावं."

मी मान वळवली.

"म्हणावं, बरं," अक्का म्हणाल्या. सकाळपासून आवाजात गुंजभर फरक नाही.

"ट्रंक माळ्यावर टाकायची तर मी हात लावतो. एकटीनं वढू नये म्हणावं."

"म्हणावं, च्या झाला की लावा."

मी पळ काढायला जिन्याकडे वळले तेव्हा मागून पुन्हा हाक आली.

"आन् बाई." भावजी अडकित्त्याकडे बघत होते. "सकाळी तुमी मधी उभं ऱ्हात जाऊ नका. पैलं अर्धं मला दिसलंच न्हाय."

मी जिन्याऐवजी स्वयंपाकघरात शिरले. अक्का चुलीपाशी होत्या. मी दार लोटून घेतलं आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं एका दमात सांगितलं. की भावजींना ओठ वाचता येतात. की सगळ्या गल्लीला येतात.

अक्कांनी परातीतली भाकरी फिरवून थापली.

"साळखात्यात हुते की ते," त्या म्हणाल्या. "माझा नवराबी तितंच हुता. आमी दोघं जेवताना समोरासमोर बसून भांडायचो, आवाज न काढता. सासू शेजारी बसून म्हणायची, कसं गुण्यागोविंदानं जेवत्यात बघा."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तोंडावर बोलले तर त्यांना उत्तर द्यावं लागंल, तंगी. उत्तर दिलं की भांडण, भांडण झालं की घर कुणाचं ते निघतंय. भोंग्यात बोललं की त्यांना निस्तं ऐकावं लागतंय, आन् ऐकलं न्हाय असंबी म्हणता येतंय." भाकरी तव्यावर पडली, त्यांनी तिच्यावर पाण्याचा हात फिरवला. "काय म्हणाले ते, पैलं अर्धं दिसलं न्हाय?"

मी मान डोलावली.

"मग उद्या परत सांगते की."